बारा माणसांची पट्टी

१

चार भोकं होती. होडीच्या मागच्या फळीवर, आतल्या अंगाला, इंजिनाच्या डाव्या हाताशी, चवळीचा दाणा अडकेल एवढी चार भोकं. त्यांच्यावर एक पट्टी असायची, ती गेली होती. त्या पट्टीवरच्या आकड्यानं ठरणार होतं, होडी हाकणारा भिकाजी तांडेल तुरुंगात जातो की घरी येतो.

सगुण गांवस त्या भोकांकडे बघत उभा होता आणि त्याचं टाळकं सणकलं होतं. तसं ते रोजच सणकायचं. चौतीस वर्षं त्यानं सुर्ल्याच्या धक्क्यावर खनिजाच्या बार्जी वाचल्या होत्या. बार्ज पाण्यात किती बसली हे बघून पोटात किती टन माती आहे ते सांगायचं, हा त्याचा धंदा. सुर्ल्यात आजही सांगतात की एकदा तो एक बार्ज बघून म्हणाला, 'दोन किलो जास्त आहे', आणि शोधलं तर खलाशानं सासूसाठी लपवलेला फणस निघाला. खरं खोटं त्या फणसाला ठाऊक. पण सुर्ल्यात सगुणशी वजनावरून पैज लावायला कोणी धजत नसे, एवढं खरं.

होडीचं नाव चंद्रिका. गेल्या रविवारी सकाळी चोपड्याच्या धक्क्यावरून निघाली आणि शापोरा नदीच्या वळणावर, वारा नाही, लाट नाही अशा पाण्यात पालथी झाली. तांडेल धरून अकरा माणसं होती. दहा वर आली. राणी आली नाही. सव्वीस वर्षांची, चंदगडकडची, तुयेंच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या बाटल्यांना लेबलं लावणारी. अंगात तरंगायचं जाकीट होतं. त्या जाकिटानंच तिला पालथ्या होडीच्या पोटाशी दाबून धरलं.

"मामा," सिद्धी म्हणाली. भिकाजीची मुलगी. तिची आई सुर्ल्याची, सगुणच्या शेजारच्या घरातली, म्हणून तो मामा. "बाबा म्हणतत पट्टीर बारा माणसां लिहिली होती. मालक म्हणता आठ. होडी तपासणाऱ्यान चौकशी समितीक दाखलो दिलो, तेच्यारय आठ. होडीतलो दाखलो भिजान लगदो झालो. सोमवारी धा वाजता समिती बसता. आठाच्या होडयेत अकरा घातले म्हटल्यार बाबाक सोडूचे नाय."

सगुण फळीजवळ सरकला. तो वाकला. एका भोकाच्या कडेला अॅल्युमिनियमचा कीस चिकटला होता, चांदीच्या वर्खासारखा. त्यानं फुंकर मारली, कीस उडाला.

"होडी वर कधी काढली?"

"मंगळवारी."

"म्हणजे पट्टी त्यानंतर काढली. आधी काढली असती तर हा कीस नदीनं ठेवला नसता." त्यानं पहाऱ्यावरच्या शिपायाला हाक मारली. "मंगळवारपासून होडीवर कोण कोण चढलं?"

शिपायानं बोटांवर मोजलं. मालक सर्वेश. होडी बांधणारा बाबली मेस्त. आणि आकडा ठरवणारा तपासनीस.

"तपासनीस कोण?"

"पाळीचो विनायक."

सगुण सरळ उभा राहिला. विनायकला होडीची पहिली अक्षरं त्यानंच शिकवली होती.

२

सर्वेशचं धक्क्यावरच हॉटेल होतं. सगुणला त्यानं बसायला कदेल दिली, पण ती उन्हात.

"माका त्या पोरीचा वायट वाटता," तो म्हणाला. "पण मी भिकाजीक शंभर पावटी सांगितलंय, आठाच्या वर एक घेव नको. तो आयकना. आणि ते घाटी लोक. होडयेत नाचत होते."

"कोण नाचत होतं?"

हा आवाज मागून आला. पायरीवर एक तरुण बसला होता, मांडीवर बायकी चपलांचा एक जोड. अनिल, राणीचा भाऊ, वर आलेल्या दहांतला एक. चपला घ्यायला पोलिसांकडं आला होता आणि घेऊन झाल्यावरही गेला नव्हता.

"बसलोतो आमी. बाकावर. तिनं खंड्या दाखवला, निळा, काठावर. सगळी वळून बघाय लागली. तेवढंच. पक्षी बघितला म्हणून माणूस मरतंय व्हय?"

"बघा, सगळे एका बाजूक गेले. कबूल करता तो," सर्वेश म्हणाला.

सगुणनं कदेल सावलीत ओढली. सावकाश, तिचे पाय फरफटवत, सर्वेशचे दात आंबतील असा आवाज करत.

"सर्वेशबाब, होडीत किती माणसं घालायची हे कसं ठरतं, ठाऊक आहे?"

"तपासनीस ठरयता."

"तो काय पत्रिका बघतो? ऐका. तीन प्रश्न विचारतात. बसायला जागा किती जणांना. किती वजनानं होडीची कड पाण्याच्या फार जवळ येते, माणशी पंचाहत्तर किलो धरून. आणि तिसरा, सगळी माणसं एकाच बाजूला गेली तर ती उभी राहते का. तीन उत्तरं येतात. त्यातलं सगळ्यात लहान ते पट्टीवर लिहायचं. माणसं एका बाजूला जाणारच. पक्षी दिसला, नवरी दिसली, दोन बायकांचं भांडण लागलं. परीक्षा असते ती त्याचीच. पुन्हा जर म्हणालात ना, की ही पोरं वळली म्हणून होडी पालथी झाली, तर मी ही कदेल तुमच्या गल्ल्यावर ठेवून वर बसेन, आणि माझं वजन ब्याण्णव आहे."

अनिलनं पहिल्यांदा वर पाहिलं.

"चंद्रिकेत जाकिटं किती होती?" सगुणनं विचारलं.

"बारा."

"आठ माणसांना?"

सर्वेशनं रुमालानं मान पुसली. "ज्यादा बरी." मग तो पुढं झुकला आणि हळू आवाजात म्हणाला, "सगुणबाब, माज्यो आणखी दोन होडयो आसत. तेंचे दाखले खंय अडकले तर माजो शिझन गेलो. तपासणारो आठ म्हणता तर आठ."

"आणि तुम्ही स्वतः? तुम्ही पट्टी रोज बघायचात."

सर्वेश उठून गल्ल्याकडं गेला आणि नोटा मोजू लागला.

३

बाबली मेस्तच्या आवारात एक नवा साचा पालथा पडला होता. बाबली त्यावर बसून चहात पावाचा उंडा बुडवत होता. सत्तरीचा माणूस, हाताची बोटं फायबरच्या राळेनं कायमची पिवळी झालेली.

"पट्टी मी कित्याक काढू?" तो म्हणाला. "पट्टीर माजा नाव नाय, माजो आकडो नाय. मी होडी बांधतंय. तिका किती पोरां व्हावची ता मी सांगनय नाय."

"बाकं एवढी उंच कशाला केलीस?"

"मालकाक होयी होती. पावण्यांक काठ दिसाक होयो. बुडकुल्यात बसान काठ दिसता?"

"तपासणी झाली तेव्हा होतास?"

"तर. गेल्या श्रावणात, हंयच, ह्याच आवारामुखार." बाबलीनं उंड्यानंच पाणी दाखवलं. "विनायक टेम्पो घेवन इलो. टेम्पोत पोती. मी म्हटलां, माणसां खंय? म्हणता, माणसांचा वजन कमीजास्त, आणि तीं हलतत. पोतां शाणा आसता."

सगुणनं हातातला चहा खाली ठेवला. हे वाक्य त्यानं ऐकलं होतं. कुठं ते मात्र आठवेना.

"किती पोती?"

"अठरा. मी मोजलंय, माज्या दोगा माणसांनी उतरयली तीं. प्रत्येक पन्नास किलोचा. पण लहान, म्हणशी तर उशयेएवढां. माका अजाप वाटलां, पन्नास किलो आणि उशयेएवढां."

"ठेवली कुठं? बाकांवर?"

"नाय रे. बाकार ठेवली तर बाक मोडतला म्हणालो. तळाच्यो फळयो काढल्यो आणि खाली बसयली. डाव्या अंगाक. होडी इतकीशी कलली." बाबलीनं दोन बोटं दाखवली. "विनायक खूश. मीय खूश."

सगुण उठला, आणि उंडा संपायच्या आत फाटकाबाहेर गेला. सिद्धी मागून धावली.

"मामा, काय झालां?"

"होडीकडं चल. तळाच्या फळ्या काढायच्या आहेत."

४

फळ्या चिखलानं फुगल्या होत्या. दोघांनी मिळून तीन उचकटल्या. खाली नदीचा राखाडी गाळ बसला होता. सगुणनं त्यात हात घातला, अगदी कण्याच्या खाचेपर्यंत, आणि मूठ बाहेर काढली. गाळ पाण्यानं धुतला. तळहातावर चिमूटभर लाल-काळी भुकटी उरली.

"हंय पेडण्यातय तांबडी माती आसा," सिद्धी म्हणाली.

"ही माती नव्हे. धर. नुसती धर."

तिनं धरली आणि तिचा हात किंचित खाली गेला.

"जड."

"लोखंडाचं खनिज. आमच्याकडं हे भातात असतं, गादीत असतं, न्हाणीच्या कोपऱ्यात असतं. धोतर धुतलं की बादलीच्या तळाला मी बसलेला दिसतो." तो काठावर टेकला. त्याचा आवाज अचानक खाली आला होता आणि सिद्धीला तो सणकलेल्या आवाजापेक्षा जास्त भीतीदायक वाटला. "आता हिशोब कर. अठरा पोती, पन्नासाची."

"नऊशे किलो."

"माणशी पंचाहत्तर."

सिद्धीचे ओठ हलले. "बारा."

"आठ जणांची होडी तपासायची असती तर बारा पोती पुरली असती. अठरा पोती उचलून आणणारा माणूस पट्टीवर बाराच लिहितो. तुझा बाप खरं बोलतोय."

तिनं तोंडावर हात दाबला. सगुण थांबला नाही.

"पट्टी कोणी काढली ते आता सरळ आहे. सर्वेशला ती पट्टी म्हणजे कवच होतं. बाराची होडी, अकरा माणसं, मालक मोकळा. तो तर ती उशाशी घेऊन झोपला असता. बाबलीचं तिच्यावर नावच नाही. बारा हा आकडा एकाच माणसाच्या गळ्यात अडकत होता, ज्यानं तो लिहिला त्याच्या. पट्टी गेली, सर्वेशची प्रत भिजली, मग घरी बसून आठाचा नवा दाखला लिहिला. सर्वेशला कळलं, पण त्याच्या दोन होड्या त्याच माणसाच्या हातात. सगळ्यांत स्वस्त बुडवायला कोण, तर तांडेल."

"पण मामा, पोती घालून होडी बरी उभी रवली. मग माणसांनी कशी पडली? वजन तर कमीच होतां."

सगुणनं भुकटी हाताला तशीच राहू दिली.

"त्याचं उत्तर मला साखळीला विनायककडं जाऊन विचारायचं आहे," तो म्हणाला. "आणि ते मला ऐकायचं नाही."

५

साखळीच्या बाजारामागं, औषधाच्या दुकानावर विनायकची कचेरी. मेज, दोन कदेली, भिंतीला बार्जींचे नकाशे. सगुणला पाहून विनायक उठला आणि वाकून पाया पडला. पूर्वीही असाच पडायचा. सगुणनं पाय मागं घेतले.

"पट्टी कुठाय?"

विनायक नाही म्हणाला नाही. मेजाचा खण उघडला आणि हाताएवढी अॅल्युमिनियमची पट्टी बाहेर ठेवली. बारा माणसं. नऊशे किलो. खाली त्याची सही कोरलेली.

"फेकून का दिली नाहीस?"

"हात जाईना."

"माणूस अडकवताना गेला?"

विनायक खाली बसला. चाळिशीचा, पोटाशी सुटलेला, चष्मा नाकावर घसरणारा. "सगुणबाब, मला रविवारी संध्याकाळीच कळलं. बातमी ऐकली आणि डोळ्यांपुढं पोती आली. तळाशी बसलेली. माणूस तळाशी बसत नाही. बाकावर बसतो, त्याचं वजन छातीत असतं. तेच नऊशे किलो वर नेलं की होडी डोक्यात जड होते. वळली की परत येत नाही."

"आणि तळाशी तिला घातलंस ते वजन नव्हतंच. तो कणा होता. जितकं घालशील तितकी ती शहाणी दिसणार."

"हो."

"शिवाय खाली होडी अरुंद. तिथं पोतं बाजूला सरकून किती सरकणार? आणि खनिज. रेती असती तर पोतं मोठं झालं असतं, खाली मावलं नसतं, नाइलाजानं वर ठेवलं असतंस." सगुणनं मेजावर थाप मारली, नकाशे हलले. "खनिज कोणी सांगितलं तुला? होडीच्या परीक्षेला खनिज कोण वापरतं?"

विनायकनं चष्मा काढला.

"तुम्ही," तो म्हणाला.

रस्त्यावर पणजीची बस भोंगा वाजवत गेली. तिचा आवाज ओसरल्यावर विनायकनं पुढं सांगितलं.

"दोन हजार सहा. सुर्ल्याच्या धक्क्यावर. नवीन बार्ज आली होती आणि मी रेतीची पोती भरत होतो. तुम्ही माझ्या हातातलं फावडं काढून घेतलं. म्हणालात, रेती पावसात पाणी पिते आणि खोटं बोलते. खनिज घाल. माणसांनी परीक्षा घेऊ नको, माणसं हलतात, पोतं शहाणं असतं. आणि वजन तळाला घाल. मी वहीत लिहून घेतलं. ती वही अजून आहे."

सगुणला आता आठवलं. फावडं आठवलं, पाऊस आठवला, आजूबाजूचे खलाशी हसले होते तेही आठवलं. शब्द त्याचेच होते. बार्जीपुरते ते बरोबरही होते, कारण बार्जीत खनिजच जातं आणि ते तळालाच पडतं. बार्जीत कोणी बाकावर बसून खंड्या बघत नाही. पण हे त्या दिवशी तो बोलला नव्हता. बोलायची गरजच वाटली नव्हती, तिथं दुसरी होडी होती कुठं?

"पुढं खाणी बंद पडल्या," विनायक म्हणाला. "बार्जी गंजल्या. आम्ही सगळे पर्यटनात आलो. आलो ते वह्या घेऊनच." त्यानं पट्टी सगुणकडं सरकवली. "तुम्ही म्हणाल तर सोमवारी मी बोलतो. पण मग तुमचं नावही निघणार. मी गप्प बसलो तर एकटा भिकाजी जातो. वर्षभरात सुटेल."

सगुणनं पट्टी उचलली. विनायकच्या तोंडावर मारावी असं त्याला वाटलं, आणि ती कुणाच्या तोंडावर मारायची हेच त्याला कळेना.

६

सोमवारी समिती दहाला बसायची होती, ती साडेदहाला चोपड्याच्या धक्क्यावर उभी होती. तीन अधिकारी, एक कारकून. सगुणनं त्यांना खुर्चीवर बसूच दिलं नव्हतं. कागद नंतर, म्हणाला, आधी नदी. खालच्या छातीभर पाण्यात चंद्रिकेची बहीण दोरांनी बांधून ठेवली होती. त्याच साच्यातली, तशीच बाकं. भिकाजीला पोलिसांनी आणलं होतं. तो सिद्धीकडं बघत नव्हता, पाण्याकडं बघत होता.

आधी विनायकनं आपली अठरा पोती फळ्यांखाली डाव्या अंगाला बसवली. होडी दोन बोटं कलली आणि शांत राहिली.

"छान," अध्यक्ष म्हणाले.

"पोती काढा," सगुण म्हणाला. "आता माणसं. सगळ्यांनी जाकिटं घाला, बाकावर बसा, आणि मी सांगितलं की डावीकडं वळून बघा. सर्वेशबाब, तुम्ही पयले. होडी तुमची."

"मी कित्याक?"

"तुम्ही नाचू नका म्हणजे झालं."

सर्वेश बसला. बाबली बसला. शिपाई, हॉटेलातले दोन वेटर, कारकून. सहा झाले. सगुणनं वळा म्हटलं, सहाही डावीकडं वळले. होडीची कड एक वीत वर राहिली. सातवा बसला, हळदणकर नावाचा सडपातळ अधिकारी. वळले. कड चार बोटांवर आली आणि सर्वेशनं बाक घट्ट धरलं.

"आठवे तुम्ही, साहेब," सगुण अध्यक्षांना म्हणाला. "दाखल्यावर आठच आहेत. आठाला होडी सुरक्षित आहे असं तुमच्या फायलीत लिहिलंय."

अध्यक्षांनी एक पाय होडीत टाकला. होडी त्यांच्याकडं झुकली, पाणी कडेला लागलं आणि जिभेसारखं आत आलं. आतल्या सातांनी एकदम आवाज केला. अध्यक्षांनी पाय मागं घेतला. बूट भिजला होता.

"पुरे," ते म्हणाले.

"नववा कोण?" सगुण ओरडला. आता त्याचा राग लपत नव्हता. "दहावा? अकरावी राणी होती. बसा ना. नदी शांत आहे, वारा नाही. बारा खोटं होतं आणि आठही खोटंच. खरं उत्तर सहा. या तांडेलाला कोणी सहा सांगितलं होतं? त्यानं पट्टी वाचली, पट्टीवर बारा, त्यानं अकरा घेतले. एक जागा रिकामी ठेवली त्यानं, तुमच्या पट्टीपेक्षा शहाणा तो."

त्यानं खिशातून पट्टी काढून अध्यक्षांच्या हातात दिली. विनायक पुढं आला आणि कोणी न विचारता, खाली बघत, सगळं सांगितलं. भोकं, ड्रिल, नवा दाखला. शिपाई आणि कारकून होडीतून उतरले, शिपायानं त्याच्या दंडाला धरलं. अध्यक्षांनी कारकुनाला भिकाजीचं नाव आरोपातून काढायला सांगितलं. सिद्धी बापाकडं गेली आणि त्याच्या शर्टाची बाही धरून उभी राहिली, नुसतीच.

"ही तळाशी पोती घालायची रीत कुठून आली?" हळदणकरांनी विचारलं. ते अजून होडीतच होते.

विनायकनं सगुणकडं पाहिलं.

"लिहा," सगुण कारकुनाला म्हणाला. "सगुण गांवस, राहणार सुर्ला. यानं शिकवली. बार्जीची रीत, सगळ्या होड्यांची म्हणून शिकवली. आणखी किती जणांना शिकवली ते आठवून नावं देतो, त्या होड्याही पाण्यात आहेत."

कारकुनाचं पेन थांबलं. "काका, हे लिवचा पडना. तुमचेर काय आरोप नाय."

"लिही म्हटलं ना."

त्यानं लिहिलं.

माणसं पांगली तेव्हा अनिल समोर आला. चपला आता पिशवीत होत्या. तो थेट सगुणच्या तोंडाकडं बघत होता. सगुणनं मान खाली घातली नाही, त्याला ती घालता आली असती तर बरं झालं असतं.

"आई इचारतीया, पोरगी बसलीती नुस्ती, मग होडी कशी उलटली," अनिल म्हणाला. "मला त्ये वजनाचं सांगता येत नाही. आणि सांगितलं तरी मी सांगून तिला पटायचं नाही. तुमी केलंय, तुमीच येऊन सांगा."

सिद्धी मधे पडायला निघाली. सगुणनं तिला हातानं थांबवलं.

"चंदगडची गाडी किती वाजता?" त्यानं विचारलं.

"एकची."

"तुझी आई काय बोलेल?"

"मारंल बी कदाचित."

सगुणनं धोतराचा सोगा खोचला आणि अनिलच्या हातातली पिशवी घेतली.

"चल," तो म्हणाला. "एकची चुकायला नको."